बरोबर उत्तरं

"शंभर माणसांच्या मसालेभाताला तांदूळ किती घेता?"

विमा कंपनीच्या वकिलांनी हे इतकं सहज विचारलं की क्षणभर मला वाटलं, उलटतपासणी संपली आणि आता गप्पा चालल्यात. दादा साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभा होता. वहिनीनं रात्री कडक इस्त्री करून ठेवलेला पांढरा शर्ट, ऑपरेशनची खूण झाकणारी टोपी, कठड्यावर शेजारी शेजारी ठेवलेले दोन्ही हात. नाव, गाव, मुलांची नावं, आजचा वार, सगळं विचारून झालं होतं. वार सांगताना तो थोडा अडखळला, पण सांगितला बरोबर. आणि मग हा तांदळाचा प्रश्न आला. दादाची मान वर झाली. कितीतरी दिवसांत न दिसलेलं काहीतरी त्याच्या चेहऱ्यावर आलं. "सोबत चपाती-भाजी हाय का नुसता भात-आमटी?" त्यानंच वकिलांना विचारलं. ते हसले, म्हणाले, चपाती आहे असं धरा. "मग आठ-नऊ किलो बास. नुसता भात असंल तर बारा धरायचा. आन् नवा तांदूळ घेऊ नका, गिचका होतो. जुना कोलम घ्या." कोर्टात सगळ्यांच्याच चेहऱ्यावर हसू उमटलं. टायपिस्टबाईंनी 'कोलम' कसा लिहायचा म्हणून मान वर केली, न्यायाधीशांनी त्यांना सांगितलं, आणि विमा कंपनीच्या वकिलांनी कागद गोळा केले. नो फर्दर क्वेश्चन्स.

माझा ऊर भरून आला होता. माझा भाऊ भर कोर्टात आपल्या कामाबद्दल बोलला होता, न चुकता, न चिडता. आणि त्याच क्षणी पोटात खड्डा पडला होता, कारण त्याचं प्रत्येक बरोबर उत्तर टाइप होऊन आमच्याच अपघात-भरपाईच्या दाव्याविरुद्ध फायलीत जाऊन बसत होतं.

ते उत्तर अजून माझ्या डोक्यातून जात नाही.

दादा आचारी. सातवीनंतर शाळा सुटली तेव्हा कऱ्हाडकडच्या एका आचाऱ्याच्या हाताखाली भांडी घासायला लागला. मग कांदा चिरणं, मग पुऱ्या लाटणाऱ्या बायकांना पिठाचे गोळे देणं, मग चुलीवरची राखण, आणि मिसरूड फुटेपर्यंत बुंदीचा झारा हातात आला. तुळशीचं लग्न लागलं की आमच्याकडे दादाचं तोंड दिसायचं बंद व्हायचं, ते मृग लागेपर्यंत. लग्नं, साखरपुडे, बारसी, यात्रेतलं गावजेवण. पहाटे घरी यायचा तेव्हा त्याच्या अंगाला तेलाचा, धुराचा आणि खड्या मसाल्याचा वास असायचा. मी अंथरुणात डोळे मिटूनच ओळखायची की आज वांगं होतं की मटकी. त्याची खरी करामत नाकात होती. मांडवाच्या दुसऱ्या टोकाला सुपारी कातरत बसलेला असायचा आणि तिथूनच ओरडायचा, "आरं, तिसऱ्या चुलीवरचा भात धरतोय बघा." जाऊन पाहिलं तर भात नुकता बुडाला लागायला लागलेला. फोडणी कधी तयार झाली, पाक एकतारी झाला की अजून कच्चा आहे, खोबरं भाजून झालं की आता करपणार, हे सगळं त्याला चव घेण्याआधी कळायचं. चव शेवटी घ्यायची, तीही खात्री करायला, असं तो हाताखालच्या पोरांना सांगायचा.

2017 च्या लग्नसराईत, एक काम उरकून पहाटे मोटरसायकलवरून घरी येताना, हायवेवर मागून टेंपोनं उडवलं. पुढचं मला तुकड्या-तुकड्यांत आठवतं. दवाखान्याच्या फरशीवरचा फिनेलचा वास. वहिनीच्या हातात दिलेली प्लॅस्टिकची पिशवी, तिच्यात त्याचं घड्याळ आणि कात्रीनं कापून काढलेला शर्ट. डॉक्टर 'स्कोअर सात' म्हणाले, मग समजावून सांगितलं. डोळे उघडण्याचे चार, बोलण्याचे पाच, हालचालीचे सहा, असे पंधरापैकी गुण देतात. ज्याला काहीच जमत नाही त्यालासुद्धा तीन मिळतात. आठ किंवा त्याखाली म्हणजे मार गंभीर. मेंदूच्या पुढच्या भागाला जबर मार होता, आत रक्त साचलं होतं, सूज वाढत होती. सुजलेल्या मेंदूला जागा मिळावी म्हणून कवटीचा एक तुकडा काढला आणि तो जिवंत राहावा म्हणून त्याच्याच पोटाच्या कातडीखाली ठेवला. पुढं कित्येक आठवडे आई त्याचं अंग पुसताना पोटावरच्या त्या उंचवट्यापाशी हात थांबवायची. "डोक्याचं हाड पोटात," एवढंच म्हणायची आणि पुढं पुसायची.

आयसीयूच्या बाहेरच्या बाकावर दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी एक माणूस येऊन बसला. स्वच्छ कपडे, हातात डायरी. कुणाचा पेशंट, कुठं अपघात झाला, समोरची गाडी सापडली का, सगळं आपुलकीनं विचारलं. मग म्हणाला, क्लेम टाकू, आत्ता एक रुपया देऊ नका, मिळेल त्यात टक्केवारी. आमच्या वकीलसाहेबांनी पुढं सांगितलं की भरपाईत वाटा घेऊन फी ठरवायला वकिलांना बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे. पण आत आपलं माणूस व्हेंटिलेटरवर असताना बाकावर बसलेल्या बाईला बार कौन्सिल कुठून माहीत असणार? तिला एवढंच कळतं की पहिल्यांदाच कुणीतरी पुढच्या वर्षाबद्दल बोलतंय. वहिनीनं त्याला पाणी दिलं आणि सांगितलं, "आधी माणूस घरी येऊ द्या."

माणूस घरी आला. कवटीचं हाड परत बसवलं, टाके निघाले, फिटच्या गोळ्या सुरू राहिल्या, उजव्या हाताची पकड थोडी कमी होती तीही व्यायामानं बरीच सुधारली. गावातली माणसं भेटायला आली आणि तोंड भरून म्हणाली, देवानं राखलं, काही फरक नाही बघा. खरंच, ओट्यावर बसलेल्या दादाला पाहून कुणालाही तसंच वाटलं असतं.

फरक घरात होता. तो सकाळी तोंड धुवायला उठायचा आणि ब्रश हातात घेऊन मोरीत उभाच राहायचा, कुणी 'पेस्ट लाव' म्हणेपर्यंत. कधीच आवाज न चढवणारा माणूस आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिरकवायला लागला आणि पाच मिनिटांनी, ताट कुणी भिरकवलं, असं विचारायला लागला. एका संध्याकाळी वहिनी शेतातून आली तर दारातच गॅसचा भपकारा. शेगडीचा कॉक अर्धवट उघडा आणि दादा दोन हातांवर पाटावर बसून लसूण सोलतोय. त्याला वास येतच नव्हता. डॉक्टरांनी नंतर समजावलं: वासाचे बारीक तंतू नाकाच्या वरच्या, भोकाभोकांच्या पातळ हाडातून मेंदूत जातात, डोक्याला हिसका बसला की ते तिथंच तुटतात, आणि इतक्या काळानंतर ते जुळण्याची आशा फार धरू नका. परत येताना एसटीत दादा काहीच बोलला नाही. घराजवळ आल्यावर म्हणाला, "बायडे, म्हंजे मला आता कायबी कळायचं न्हाय."

त्याला कामावर परत आणायचा प्रयत्न त्याच्या हाताखालच्या पोरांनीच केला. चाळीस माणसांची सत्यनारायणाची पूजा, घरचंच काम, आम्ही सगळे आजूबाजूला. तांदूळ किती, डाळ किती, तेल किती, सगळं त्यानं तोंडपाठ सांगितलं. मग कढई चढली, तेल तापलं, आणि दादा झारा हातात धरून तिच्यासमोर उभा राहिला. मोहरी डाव्या हाताला, कांदा उजव्या हाताला. तेलातून धूर निघायला लागला. पोरं त्याच्याकडं बघतायत, तो तेलाकडं बघतोय. आधी काय घालायचं हे त्याला माहीत होतं. कुणी विचारलं असतं तर त्यानं सांगितलंही असतं. पण 'आता घाल' असं आतून सांगणारं जे काही असतं ते त्या पहाटे हायवेवर राहिलं होतं. शेवटी सगळ्यात धाकट्या पोरानं गॅस बंद केला आणि सगळेजण एकदमच काहीबाही बोलायला लागले, पाऊस, पूजेचे भटजी, काहीही.

कोर्टात सांगायला हवं होतं ते हे. आणि हे कोणत्याच कागदावर नव्हतं.

कागदावर होतं ते अपंगत्वाचं प्रमाणपत्र. चाळीस टक्के. बोर्डानं हाताची ताकद पाहिली, चालून दाखवायला सांगितलं, दोन-चार प्रश्न विचारले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही, बाहेर रांग लागलेली होती आणि त्यांच्यासमोर जो तक्ता होता त्याप्रमाणे त्यांनी केलं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार मोजले आहेत. त्यात मेंदूला मार लागून बदललेला माणूस असा वेगळा प्रकार नाही; त्याला कुठल्यातरी शेजारच्या रकान्यात बसवावं लागतं. वास जाण्याला तर रकानाच नाही. शाळामास्तरचा वास गेला तर त्याची नोकरी जात नाही. आचाऱ्याचा गेला तर?

वकीलसाहेबांनी एका दुपारी पाठकोऱ्या कागदावर हिशोब मांडून दाखवला तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की या चाळीसवर किती टांगलेलं आहे. मोटार अपघात दाव्यात आधी मासिक उत्पन्न धरतात. दादाचं खरं उत्पन्न हंगामात पुष्कळ होतं, पण आचाऱ्याला कोण पावती देतं? उक्तं काम, रोख पैसे, सोबत नारळ आणि टॉवेल-टोपी. कागद नाही म्हटल्यावर बारा हजार धरले जातील असं ते म्हणाले. वय 38, स्वतःचा धंदा, म्हणून पुढच्या वाढीचे 40 टक्के मिळवायचे. सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठानं 2017 मध्ये ते ठरवून दिलं आहे. झाले 16,800. त्याला बारा महिन्यांनी गुणायचं. मग वयाप्रमाणे ठरलेला गुणांक, 36 ते 40 ला पंधरा, तो 2009 च्या निकालातल्या तक्त्यातून येतो. झाले 30,24,000. आणि आता याला अपंगत्वाच्या टक्क्यानं गुणायचं. चाळीस धरले तर 12,09,600. शंभर धरले तर सगळेच. एका माणसाचं उरलेलं आयुष्य पाठकोऱ्या कागदाच्या अर्ध्या पानात मावलं होतं, आणि वकीलसाहेबांनी पेनानं त्या टक्क्याभोवती गोल काढला. "आपली लढाई इथं आहे."

या लढाईसाठी कायद्यात जागा आहे, आणि ती चांगली जागा आहे. 2010 च्या ऑक्टोबरमधला सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल त्यांनी आम्हाला मराठीत समजावून सांगितला. शरीराचं अपंगत्व किती टक्के हा एक प्रश्न आणि त्यानं कमाईची ताकद किती टक्के गेली हा वेगळा प्रश्न, न्यायाधिकरणानं, म्हणजे अपघाताचे दावे ऐकणाऱ्या कोर्टानं, दुसऱ्याचं उत्तर शोधायचं. निकालात उदाहरण आहे: डावा हात गेलेला माणूस ड्रायव्हर किंवा सुतार असेल तर त्याची कमाई जवळजवळ पूर्णच जाते, तोच सरकारी कारकून असेल आणि नोकरी टिकली तर तसं म्हणता येत नाही. वहिनी सुताराच्या उदाहरणाला थांबली. "मग आचाऱ्याचं नाक?" तिनं विचारलं. वकीलसाहेब म्हणाले, तेच तर आपल्याला सांगायचंय. पण हात गेलेला दिसतो. नाक जागेवर असतं. कढईसमोर थिजून उभा राहिलेला माणूस पिंजऱ्यात व्यवस्थित उभा राहतो, कारण तिथं त्याला पुढचं पाऊल स्वतः ठरवावं लागत नाही, प्रश्न येतात आणि तो उत्तरं देतो.

मेंदूच्या दुखापतीचा दावा म्हणजे पिशव्या. सीटीच्या मोठ्या फिल्मची पिशवी, डिस्चार्जच्या कागदांची, औषधांच्या पावत्यांची, एफआयआर आणि घटनास्थळाच्या पंचनाम्याच्या नकलांची. मेडिकलच्या मशीनमधून निघणाऱ्या त्या गुळगुळीत पावत्यांवरची अक्षरं उडतात. वर्षभरानं उघडून पाहिल्या तर कित्येक नुसत्या पिवळट कोऱ्या पट्ट्या झाल्या होत्या, कडेला दुकानाचा शिक्का तेवढा शिल्लक. कुणाच्या घरी असा प्रसंग असेल तर पावती मिळाल्याच्या दिवशीच झेरॉक्स मारा आणि मूळ पावतीला टाचून ठेवा, माझं एवढं ऐका. आणि मुदत बघा. आमच्या वेळी अर्जाला मुदतीचं बंधन नव्हतं. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या दुरुस्तीनं सहा महिने केले. त्या मुदतीला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिलं गेलं आहे, पण कलम पुस्तकात आहे. डोक्याला गंभीर मार लागलेल्याच्या घरात सहा महिने म्हणजे काय असतं हे ज्यांनी ही मुदत लिहिली त्यांनी एकदा त्या बाकावर बसून पाहायला हवं होतं. आमच्याकडे सहा महिन्यांनी दादा आईला पहिल्यांदा नावानं हाक मारत होता. कोणत्या पिशवीत कोणता कागद आहे हे पाहायची ताकद तेव्हा कुणात होती?

निदान टेंपो सापडला होता, त्याचा विमा होता. धडक देऊन गाडी पळून गेली आणि सापडलीच नाही तर गंभीर दुखापतीला सरकारी योजनेतून आता 50,000 मिळतात, 2022 च्या आधी 12,500 मिळायचे. आयसीयूचे किती दिवस, हा हिशोब ज्याचा त्यानं करावा.

वहिनीची साक्ष दादाच्या आधी झाली होती, आणि मला विचाराल तर त्या सगळ्या वर्षांतला सर्वांत जड दिवस तो. सरतपासणीचं, म्हणजे आपल्या बाजूच्या साक्षीचं, शपथपत्र आधीच दिलेलं होतं, पण उलटतपासणीत सगळं तोंडानं सांगावं लागतं. ताट कधी भिरकावलं, मुलाला कधी मारलं, लघवीला कुठं बसतो, रात्री किती वेळा उठतो, पैसे दिले तर काय करतो. दादा मागच्या बाकावर माझ्याशेजारी बसून ऐकत होता. त्याला बाहेर नेऊ का, असं मी खुणेनं विचारलं, तो उठला नाही. ज्या बाईनं गावात कुणाला या घरातलं अवाक्षर कळू दिलं नव्हतं, ती परक्या माणसांसमोर, टायपिस्टला लिहिता यावं म्हणून थांबून थांबून, नवऱ्याचं सगळं उघडं करत होती. आणि समोरचे वकील विचारत होते, "हे तुम्ही भरपाई जास्त मिळावी म्हणून सांगताय, बरोबर?" ती म्हणाली, "न्हाय. हे तुमी इचारलं म्हणून सांगतेय." बाहेर कॅंटीनमध्ये चहा घेताना दादा बराच वेळ कपाकडं बघत बसला. मग तिला म्हणाला, "मी लई त्रास देतो का गं?" तिनं बिस्किटाचा पुडा फोडला, त्याच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणाली, "खावा. एसटी चुकंल."

या व्यवस्थेशी माझं भांडण आहे ते इथं. चुकलेल्याकडून भरपाई घेऊन द्यायची ही कल्पना मला मनापासून योग्य वाटते. आमच्यासारख्यांना कोर्ट फीची फारशी चिंता न करता दाद मागता येते, निकालात अर्जाच्या तारखेपासून व्याज मिळतं, कायद्यातला शब्दच 'न्याय्य भरपाई' असा आहे. पण मेंदूच्या दुखापतीत पुरावा कुठून आणायचा, याचं उत्तर घरच्यांच्या तोंडून असं येतं. माणूस जितका मोडलेला दाखवाल तितकी रक्कम. दिवसभर आम्ही त्याला म्हणायचं, दादा, जमेल तुला, कर. आणि तारखेच्या दिवशी सांगायचं की याला काही जमत नाही, तेही त्याच्या देखत. साक्षीच्या आदल्या रात्री मी मनात म्हणत होते की उद्या तो अडखळला तर बरं. सख्ख्या भावासाठी असं मागणं मनात यावं? आणि तरी ते आलं, कारण त्याच्या दोन मुलांची शाळा आणि वहिनीचं म्हातारपण त्या टक्क्याच्या गोलात होतं.

मधे लोकअदालतीत एक आकडा आला होता. कंपनीचे अधिकारी समंजस होते, म्हणाले, आत्ता घ्या, अपिलात वर्षं जातील. वहिनीनं रात्रभर विचार केला. सकाळी म्हणाली, तेवढ्यात मुलांचं भागेल, पण मी गेल्यावर ह्यांना कोण बघणार?

निकाल 2023 मध्ये लागला. कमाईच्या ताकदीचं नुकसान 60 टक्के धरलं, म्हणजे त्या सदराखाली 18,14,400. चाळीस धरले नाहीत याचं मला समाधान आहे, वास गेल्याची नोंद निकालात स्पष्ट आहे. पण एक वाक्य असं आहे की अर्जदारास आपल्या व्यवसायाचं तपशीलवार ज्ञान शाबूत असल्याचं त्याच्या साक्षीवरून दिसतं, सबब तो देखरेखीचं काम करू शकतो. जुना कोलम. शंभराला आठ-नऊ किलो. देखरेख म्हणजे काय असते? चार चुली पेटलेल्या असताना कुठली आधी बघायची हे ठरवणं. तेच तर गेलंय.

आणि सांभाळणाऱ्या माणसाच्या खर्चापोटी एकरकमी एक लाख.

2020 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं बारा वर्षांच्या एका मुलीच्या दाव्यात जो निकाल दिला, तो मी नंतर बऱ्याचदा वाचला. ट्रॅक्टरवरून आई-वडिलांसोबत जाताना ट्रकची धडक बसलेली, मेंदूला इतका मार की तिची समज नऊ महिन्यांच्या बाळाएवढी राहिली. न्यायाधिकरणानं अकरा लाखांच्या आसपास दिले होते, पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं पंचवीस लाखांच्या वर, सर्वोच्च न्यायालयानं 62,27,000. मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटलं ते सांभाळणाऱ्यांचं सदर. चोवीस तास लक्ष लागतं म्हणून दोन माणसं, प्रत्येकाचे महिन्याला पाच हजार, त्याला वर्षाचे बारा महिने आणि अठराचा गुणांक, 21,60,000. म्हणजे आई करतेच आहे, बायको करतेच आहे, असं म्हणून ते काम फुकटात मोजलेलं नाही. देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं असं एकदा केलं असेल तर आमच्या वहिनीच्या वाट्याला एक लाख का? तिनं रोजगाराचं शेतातलं काम सोडलं ते याच कामासाठी.

दोन्ही बाजूंनी मुंबई उच्च न्यायालयात अपील आहे. कंपनीनं भरलेल्या रकमेतला काही भाग आम्हाला काढता आला, बाकी मुदत ठेवीत आहे. 18 ऑगस्ट 2025 ला त्याच न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे आता मुंबईला जावं लागत नाही, सकाळी निघून रात्री घरी येता येतं, आणि फिटच्या गोळ्यांवर असलेल्या माणसाच्या घरात याचं मोल फार आहे. अपिलात जादा पुरावा द्यायचा तर परवानगी मागावी लागते. म्हणून आम्ही दादाला पुण्याला एका न्यूरोसायकॉलॉजिस्टकडे, म्हणजे मेंदू कसा काम करतो ते तपासणाऱ्या मानसतज्ज्ञ बाईंकडे, नेलं. ही तपासणी पहिल्याच वर्षी करून घ्या असं आम्हाला कुठल्याही टेबलावर कुणी सांगितलं नाही. मी भेटेल त्याला सांगते. बाई जवळपास अख्खा दिवस त्याच्याबरोबर बसल्या. पत्ते एका नियमानं लावायचे, मधेच नियम बदलायचा. क्रमानं ठिपके जोडायचे, अंक आणि अक्षर आलटून पालटून. पाच कामं दिली, वेळ दिली, आधी कुठलं ते ठरवायचं. जुनी माहिती सांगण्यात दादा आपल्या वयाच्या माणसांच्या बरोबरीनं होता, काही ठिकाणी वरचढ. नियम बदलला की तिथंच थांबत होता. अहवालात त्यांनी लिहिलं की स्मरण आणि ज्ञान चांगलं असूनही स्वतःहून सुरुवात करणं, क्रम ठरवणं आणि बदलत्या परिस्थितीत निर्णय घेणं याला गंभीर बाधा आहे, आणि पहिल्यावरून दुसऱ्याचा अंदाज बांधू नये. ते वाक्य वाचताना मी रडले. पूजेच्या दिवशीची ती कढई शेवटी कुणीतरी कागदावर आणली होती, आणि त्यासाठी दादाला वेडा किंवा मूर्ख म्हणावं लागलं नव्हतं.

आता वहिनीचं नवीन शपथपत्र तयार होतंय, सांभाळण्याच्या खर्चासाठी. वकीलसाहेबांच्या ऑफिसमधून मसुदा आला, मी तिला वाचून दाखवत होते. "अर्जदार हा संपूर्णतः परावलंबी असून कुटुंबावर कायमचा भार होऊन राहिला आहे." तिनं हात वर केला.

"हे काढा."

मी म्हटलं, वहिनी, असंच लिहितात, त्यानं फायदा होतो.

"भार-बिर काय न्हाय. मी काम करते ते लिवा. सकाळी उठल्यापास्नं." आणि मग ती सांगत गेली, मी लिहीत गेले. उठल्यावर ब्रशला पेस्ट लावून हातात देणं, तीनदा आठवण करणं. आठ वाजताची गोळी समोर बसून घ्यायला लावणं. बाहेर जायचं तर शेजारणीला सांगून, सिलिंडरचा कॉक बंद करून, किल्ली सोबत. डब्यातलं दूध नासलंय का, भाजी आंबलीय का, ते त्यांना देण्याआधी वास घेऊन बघणं. पैसे मागायला कुणी आलं तर त्यांच्या हातानं व्यवहार होऊ न देणं. चिडले तर मुलांना आत घेणं, शांत होईपर्यंत दारात थांबणं. रात्री फिट आली तर कुशीवर वळवणं, घड्याळ बघणं. बाई ठेवली तर या कामाला काय पगार मागेल, तोही आकडा तिनं आजूबाजूला विचारून ठेवला होता, दिवसपाळीचा वेगळा, रात्रपाळीचा वेगळा.

दोन पानं झाली. भार हा शब्द काढून मसुदा वकीलसाहेबांना परत पाठवलाय. सही करायला ती सोमवारी येणार आहे, दादाला शेजारणीकडे ठेवून. शेजारणीला त्या दिवसाची हजेरी द्यायची असं तिनं ठरवलंय, आणि त्याची पावती लिहून घ्यायची, असंही.